तिसऱ्या प्लगमधली फट

१

अंबडला कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर मिथुन वाहुळेचं पत्र्याचं गॅरेज आहे. गाडी झटके मारते म्हणत कुणी आलं, की मिथुन त्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतो आणि त्यातलं एक अक्षरही मनावर घेत नाही. पेट्रोलात पाणी आलंय, पंप गेलाय, मेव्हण्यानं गाडी नेल्यापासून असं होतंय, कुणाची तरी नजर लागलीय. लोक काहीही सांगतात. मिथुनचं म्हणणं असं, की गाडी स्वतःच सांगते, मालकानं मध्ये बोलायची गरज नाही. तो प्लग काढतो, वर्तमानपत्रावर एक, दोन, तीन असे ओळीनं मांडतो आणि डॉक्टरनं जीभ बघावी तशी त्यांची टोकं बघतो. टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर सिलिंडर निरोगी. काळंकुट्ट असलं तर पेट्रोल नीट जळत नाही. आणि ठिणगी जिच्यातून उडते ती टोकावरची फट मोजल्याशिवाय तो प्लग परत बसवत नाही.

बाकीचे मिस्त्री ही फट नखानं बघतात. अंगठ्याचं नख आत गेलं की झाली गॅप बराबर. मिथुनला हे कधी पटलं नाही. त्यानं जालन्याहून फिलर गेज आणलंय. एका मुठीत बसवलेली पोलादाची तेरा पाती, कांद्याच्या सालीइतक्या पातळ पात्यापासून पोस्टकार्डाच्या घडीइतक्या जाड पात्यापर्यंत. जे पातं फटीतून जरासं घासत जातं, तेवढी त्या फटीची रुंदी. यात नजरबिजर लागायचा संबंध येत नाही. मिथुनचे वडील भिवा गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि त्यांनी घरात भूत हा शब्दसुद्धा येऊ दिला नव्हता. पोरगा अंधाराला भ्यायला, की ते त्याच्या हाती बॅटरी देऊन म्हणायचे, जा, काय आहे ते बघून ये. मिथुन जायचा, बघून यायचा, आणि तिथं काही नसायचं.

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास श्रीपतीकाकांची पांढरी मोटार गचके खात गॅरेजपुढच्या कडुनिंबाखाली येऊन थांबली. काका कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. गाडी वीस-बावीस वर्षांची, तीन सिलिंडरची, पण काकांनी तिला पोटच्या पोरीसारखी जपली होती. शेजारच्या सीटवर नीलाकाकू बसल्या होत्या, अंगावर शाल, मांडीवर हात.

"मिसिंग करून राह्यलीय रे," काका खाली उतरत म्हणाले. "शुक्रवारी रस्त्यात तीनदा बंद पडली. अन् उद्या मंगळवार आहे."

मंगळवार आणि शुक्रवार म्हणजे काय, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. काकूंची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून दोनदा जालन्याला नेऊन मशीनवर त्यांचं रक्त साफ करून आणावं लागे. एक खेप चुकली तरी पाय सुजत, दम लागत असे, आणि दोन खेपा चुकल्या तर काय होईल ते डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"उद्यापुरती दुसरी गाडी करून देऊ का, काका?"

"दुसऱ्या गाडीत ती बसत न्हाई. आजकाल तर हिच्यातून उतरायलाच मागत न्हाई."

मिथुननं वाकून खिडकीतून नमस्कार केला. काकू हसल्या. चेहरा पिवळट, पण डोळे ताजेतवाने, जत्रा बघून आलेल्या माणसाचे असावेत तसे. आजारी बाईच्या तोंडावर ते जरा विचित्रच दिसलं.

२

बॉनेट उघडून मिथुननं काकांना गाडी चालू करायला सांगितली. इंजिन थडथडलं, अडखळलं, पुन्हा थडथडलं. चालत्या इंजिनावरून एकेका प्लगची वायर उपसायची, ही त्याची पहिली पायरी. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन लंगडतं. मेलेल्या सिलिंडरची काढली तर इंजिनाला पत्ताही लागत नाही.

पहिली वायर काढली, इंजिन लंगडलं. लावली. दुसरी काढली, तसंच झालं. तिसरी काढली आणि काही म्हणजे काहीच झालं नाही.

"तिसरा मेलाय, काका."

"तिसरा न्हाई रे," काकू आतूनच म्हणाल्या. "तिसराच तर चालतोय. बाकीचे दोघं मधी मधी येऊन राह्यलेत."

मिथुनला हसू आलं. बाईमाणसाला दाखवूनच द्यावं म्हणून त्यानं दुसरी वायरही उपसली, आणि मग पहिली. तिन्ही वायरी बाजूला लोंबत होत्या. कुठल्याच सिलिंडरला आता ठिणगी नव्हती. इंजिन जागच्या जागी बंद पडायला हवं होतं.

ते बंद पडलं नाही. उलट झटके थांबले. एक ठोका पडला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा ठोका. पंखा फिरत होता, पट्टा फिरत होता, आणि आवाज म्हणाल तर तेवढाच, सावकाश, कुठलीही घाई नसलेला. त्या ठोक्यानं गाडी हादरत नव्हती. मिथुनच्या तळव्यांना मात्र तो जमिनीतून कळत होता. कडुनिंबावर चिमण्यांचा गलका चालला होता, तो कधी बंद झाला हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"बंद करा, काका," तो म्हणाला, आणि आपला आवाज बारीक झालाय हे त्याला ऐकू आलं.

काकांनी किल्ली फिरवली. तरी चार ठोके पडले, आणि मग इंजिन थांबलं.

मिथुननं हात पुसले. आत साठलेली काजळी निखाऱ्यासारखी धुमसत असली, की ठिणगीवाचून पेट्रोल पेटतं आणि किल्ली बंद केली तरी इंजिन दोन-चार फेरे मारतं. हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं. काजळीच असणार. फक्त काजळीनं चालणारं इंजिन खोकतं, आचके देतं, धूर सोडतं. हे एवढं एक त्यानं स्वतःशी बोलायचं टाळलं.

३

प्लग-पान्यानं त्यानं तिन्ही प्लग काढले. पहिले दोन इतके तापले होते की फडक्यात धरूनही चटका बसला. टोकं काळी, फटी झिजून रुंदावलेल्या, अगदी पुस्तकात सांगितल्यासारखं दुखणं. तिसरा त्यानं सवयीनं फडक्यातच धरला, आणि मग फडकं काढलं. प्लग गार होता. आत्ता धडाधड चाललेल्या इंजिनातून निघालेला प्लग रांजणातल्या पाण्यासारखा गार. टोक बिस्किटाच्या रंगाचं नाही आणि काळंही नाही, चिनीमाती पांढरीशुभ्र, जसा काही दुकानातून आत्ता आणलाय.

म्हणजे हा कधी पेटलाच नाही, असं म्हणून मिथुननं मनाचं समाधान केलं. पण जो पेटलाच नाही तो बाहेरून तरी तापायला हवा, कारण शेजारी दोन भट्ट्या पेटलेल्या.

त्यानं गेज काढलं. डोळ्याला फट नेहमीचीच दिसत होती, एक मिलिमीटरला थोडी कमी. त्यानं तेवढ्या जाडीचं पातं लावलं. ते न घासता आत गेलं. त्याहून जाड लावलं, तेही गेलं. सगळ्यात जाड पातं लावलं, तेही सैल. मग त्यानं दोन पाती एकावर एक धरली. मग चार. शेवटी तेराच्या तेरा पाती मुठीसकट जुळवून त्यानं त्या फटीशी नेली. ती आत गेली. वर-खाली हलवली तरी कुठं टेकली नाहीत.

मिथुननं पाती बाहेर काढली. फट नखाएवढी होती. त्यानं पुन्हा पाती घातली, पुन्हा गेली. पात्यांचा जुडगा पेन्सिलीएवढा जाड आणि फट नखाएवढी, दोन्ही त्याच्या डोळ्यांपुढं, भर उन्हात, एकाच वेळी. त्यानं चष्मा काढून पुसला आणि परत लावला. आपल्याला झोप कमी पडतेय, असं त्याला वाटलं. पण रात्री तो चांगला आठ तास झोपला होता.

फटीतून बारीक वारा येत होता. लांबवर पाऊस पडून गेल्यावर येतो तसा ओला वास त्याला होता. अंबडला तीन महिने थेंब पडला नव्हता.

४

काका मागं येऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"तो राहू दे," ते हळूच म्हणाले. "बाकीचे दोन नीट कर. तिसऱ्याला हात लावू नको."

"काऊन, काका?"

काकांनी गाडीकडं पाहिलं, मग मिथुनला दंडाला धरून पत्र्याच्या आडोशाला नेलं. कोर्टात आयुष्य गेलेला माणूस, साक्ष द्यावी तसं एकेक वाक्य मोजून बोलला.

"मागच्या महिन्यात गोलापांगरीच्या पुढं गाडी बंद पडली. आपोआप. मी बाजूला घेतली. हिच्याकडं बघतो तर हिचा श्वास न्हाई. नाडी न्हाई. मी हलवलं, तोंडावर पाणी मारलं. दहा मिनिटं गेली असतील. मला कळून चुकलं होतं. मी नुसता बसून राह्यलो हात धरून. अन् मंग गाडी चालू झाली. किल्लीला मी हात लावला न्हाई, मिथुन. एकच ठोका पडून राह्यला होता, सावकाश. अन् हिनं श्वास घेतला. तेव्हापासून गाडी अशीच आहे."

मिथुननं हातातल्या प्लगकडं पाहिलं.

"त्या ठोक्यावर ती आहे. मी कुणाला सांगितलं न्हाई. तुला सांगतोय, कारण तू काढून बसलायस. जसा आहे तसा बसव."

"बरं, काका," मिथुन म्हणाला.

म्हातारा थकलाय, असं त्याला वाटलं. बायको मरणाच्या दारातून परत आली, ती कशी आली हे कळेना, म्हणून माणूस गाडीत देव बघायला लागला. काकूंना चक्कर आली असेल. मशीनवर जाणाऱ्या माणसांचा रक्तदाब खाली जाऊन असं होतं. आणि इकडं रोगट प्लग तसाच ठेवला, तर उद्या भर हायवेवर गाडी बंद पडायची आणि मग खरंच जीव जायचा. गिऱ्हाइकाला हो म्हणायचं आणि काम आपल्याला योग्य वाटेल तेच करायचं, ही सगळ्या मिस्त्रींची जुनी खोड मिथुनलाही होती. तिन्ही प्लग सारखे पाहिजेत. काकांना काय सांगायचं ते नंतर बघता येईल.

५

गॅरेजच्या कोपऱ्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता. त्याच्यावर ठेवून ठोकाठोकी चालायची. काका गाडीपाशी जाऊन काकूंना पाणी देऊ लागले, तसा मिथुन त्यांच्याकडं पाठ करून बसला. प्लगची गॅप कमी करायची तर टोक खाली करून रुळावर अलगद आपटायचं. जोर नको, नुसतं टुक.

टुक. त्यानं पाती लावली. आता नऊच गेली.

त्याला बरं वाटलं. लोखंड आहे, ठोकलं की दबतं. टुक. पाचच पाती. टुक.

आणि तेव्हा एक आवाज थांबला. सकाळपासून तो आवाज चालू होता, हे मिथुनला तो थांबल्यावर कळलं. मोकळ्या माळावर उभं राहिलं की कानांभोवती असतो, तसला आवाज. तो गेला आणि गॅरेज एकदम आखूड झालं, पत्रा डोक्याला लागेल असं वाटायला लागलं. फटीत आता एकच पातं जात होतं, बरोबर घासत, जसं जायला पाहिजे तसं.

"नीला," काका म्हणाले. ते ओरडले नाहीत. हाक मारून ती ऐकली जाणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसाचा तो आवाज होता.

मिथुन धावला. काकूंची मान एका बाजूला कलली होती. ओठ निळे पडायला लागले होते. काका त्यांचा हात धरून बसले होते, आणि त्यांनी मिथुनच्या हातातला प्लग पाहिला. ते नुसते बघत राहिले, आणि त्या बघण्यानं मिथुनला जमीन गिळेल तर बरं असं झालं.

अँब्युलन्सला फोन लावायचा, छाती दाबायची, तोंडानं श्वास द्यायचा. हे सगळं त्याला सुचलं, आणि हात मात्र खिशातल्या बारक्या स्क्रू-ड्रायव्हरकडं गेले. त्याच्या बुद्धीला ते मान्य नव्हतं. हातांनी तिला विचारलं नाही. त्यानं पेचकसाचं टोक फटीत घातलं आणि मनगट फिरवलं. धातू कुरकुरला. मग आणखी थोडं.

वारा आला. कानांभोवतीचा तो माळ परत आला. आणि काकूंनी श्वास घेतला, मोठा, खरखरीत, अरुंद जागेतून अंग ओढून काढताना माणूस घेतो तसा. शाल खांद्यावरून घसरली. दोन्ही खांद्यांवर, दोन्ही कोपरांवर ताजं खरचटलेलं होतं. भिंतीला घासून जावं तसं, दोन्ही बाजूंनी सारखं. रक्त आत्ता कुठं बारीक बारीक उमटत होतं.

काकूंना तर कुणी हलवलंही नव्हतं. सीट रेक्झिनची, गुळगुळीत.

६

काका बराच वेळ काकूंच्या पायाशी उकिडवे बसून होते. मग उठले, मिथुनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी चहा घेऊन येतो." आणि चालू लागले. चहाची टपरी स्टँडपाशी, चांगलं दहा मिनिटांचं चालणं.

मिथुननं जुन्या काळ्या प्लगांना पॉलिश पेपर मारला, फटी मोजून ते परत बसवले. रोजचं काम होतं म्हणून त्याला धीर येत होता. तिसरा प्लग त्यानं वर्तमानपत्रावर ठेवला होता. त्याच्या बाजूचा कागद वाऱ्यानं फडफडत होता.

"मिथुन," काकूंनी हाक मारली. "यांना सांगू नको."

"काय, काकू?"

"हे खरचटलं ते. यांना वाटतं मी गाडीत झोपते." त्या हसल्या. "गाडी रस्त्याला लागली की मी तिकडं जाते. थांबली की इकडं ओढली जाते. अन् पुरती इकडं तर कधीच नसते."

"तिकडं म्हणजे?"

काकूंनी उघड्या बॉनेटकडं पाहिलं, हे काय विचारणं झालं अशा नजरेनं.

"लई मोठं आहे रे. इथं बसून सांगता येत न्हाई. मी जन्मभर घाबरट बाई. पाल दिसली तरी किंचाळायची. तिथं मला भ्यावंसंच वाटत न्हाई." त्यांनी शाल खांद्यावर घेतली आणि कळ सोसली. "त्रास जायचा-यायचा आहे. फट एवढीशी. दर खेपेला अंग सोलून निघतं. अन् आत्ता तू ठोकायला लागलास, तेव्हा मी मधीच अडकले. तसं पुन्हा करू नको."

"न्हाई करणार. शपथ."

"मिटवू तर नकोच. पण अशी पण ठेवू नको. थोडी मोठी कर. मला एकदाच जायचंय, पण नीट, न घासता."

मिथुनला कळलं. काकांनी मागितलं होतं की आहे तशी ठेव, म्हणजे ती अडून राहील. काकू मागत होत्या की वाट दे. मधे तो बसला होता, आणि त्याच्या हातात एक पेचकस होता. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

"काकांना तुम्हीच सांगा ना."

"एवढ्या वर्षांत सगळं सांगितलं. एवढं एक जमंना."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, मागं सोयाबीनचे कट्टे. ड्रायव्हरनं मिथुनला हात केला. मिथुननंही केला. मग त्यानं तिसरा प्लग उचलला. फट मोठी करायची तर नेमकी कुठं पेच लावायचा ते बघावं लागतं, म्हणून तो उजेडाकडं धरून त्यानं डोळा जवळ नेला. आणि पेचकस फिरवता फिरवता त्याला आतलं दिसलं.

अंधार नव्हता. ऊनही नव्हतं. संध्याकाळी दिवस मावळून गेल्यावर आभाळ स्वतःच उजळतं, तसा उजेड, आणि त्याच्याखाली पसरलेलं रान. किती, ते डोळ्याला धरवेना. अंबडपासून जालन्यापर्यंतची सगळी शिवारं त्याच्या एका कोपऱ्यात मावली असती. त्या रानाच्या कडेला एक डोंगर होता. मिथुननं तो डोंगर म्हणूनच पाहिला. मग त्या डोंगरानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, दावणीला उभी असलेली गुरं घेतात तसा, सावकाश, आणि त्याच वेळी मिथुनच्या तळव्यांना खालून ठोका लागला. इंजिन तर बंद होतं.

ते त्याच्याकडं बघत नव्हतं. ते कुणाचीतरी वाट बघत उभं होतं. केव्हापासून, कोण जाणे. मिथुनला भीती वाटली, आजवर वाटली नव्हती एवढी. पण त्याहून मोठं काहीतरी त्याच्या छातीत भरून आलं. आपण इतके लहान आहोत हे कळून माणसाला सुख वाटू शकतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. लहानपणी तो बॅटरी घेऊन बघून यायचा आणि काही नाही म्हणून सांगायचा. या वेळी तसं सांगता आलं नसतं.

त्यानं मनगट आणखी थोडं फिरवलं. किती, याला गेजमध्ये पातं नव्हतं. मग डोळा काढून घेतला. काका रस्त्याच्या वळणावर दिसत होते. तीन ग्लासांची जाळी हातात, चहा सांडू नये म्हणून पावलं जपून टाकत येत होते.

"बराबर झालं का?" काकांनी विचारलं.

"बराबर झालं," मिथुन म्हणाला, आणि प्लग बसवून वायर लावली.

७

मंगळवारी सकाळी नीलाकाकू गेल्या. जालना सहा-सात किलोमीटर राहिलं होतं. गाडी एकदाही अडखळली नाही, असं नंतर गल्लीत लोक सांगत होते. मिथुन अंत्ययात्रेला गेला, मागंमागंच उभा राहिला, काकांच्या समोर गेला नाही. त्यानंतर दोन आठवडे त्याचं कशात मन लागेना. रात्री वाटायचं, आपण एका बाईचा जीव घेतला. सकाळी वाटायचं, नाही. प्लगची गॅप बघायची वेळ आली की गेज काढायचा आणि परत ठेवून द्यायचा. बाकीच्या मिस्त्रींसारखा नखानंच बघायला लागला.

चौदाव्याचा विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका गाडी घेऊन आले. इंजिन लोण्यासारखं चालत होतं. काका उतरले, लाकडी बाकड्यावर बसले. दाढी वाढली होती. मिथुन समोर उभा राहिला. सांगून टाकायचं, असं त्यानं रात्रीच ठरवलं होतं.

"काका, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं बोललो. प्लगची फट मी..."

"मला ठाऊक आहे."

मिथुननं मान वर केली.

"चहा तर कोर्टासमोर पण मिळतो," काका म्हणाले. "इथून पन्नास पावलांवर. मी स्टँडवर गेल्तो, मुद्दाम. मी समोर असतो तर तिनं तुला सांगितलंच नसतं. अन् मला तर न्हाईच न्हाई. मी तिचे खांदे बघितले नव्हते असं वाटलं का तुला? रोज अंगाला तेल मीच लावायचो." त्यांनी डोळे पुसले. "मला तोंडानं म्हणता आलं न्हाई, जा म्हणून. म्हणून चहाला गेल्तो. मंगळवारी जाताना गाडीत तिला काही लागलं न्हाई, मिथुन. मी नंतर बघितलं. अंगावर एक नवा ओरखडा न्हाई."

मिथुन त्यांच्या शेजारी बसला. दोघांनी गाडीकडं पाहिलं. बंद इंजिनातून, बॉनेटखालून, ठोका पडत होता. पूर्वीपेक्षा हलका, लांबून आल्यासारखा, पण पडत होता.

"प्लग काढून टाकू का?" मिथुननं विचारलं. "नवा टाकतो. गाडी साधी होऊन जाईल."

"न्हाई. तसाच राहू दे." काकांनी आपल्या पोटावरून, दंडावरून हात फिरवला, शिंप्यापुढं उभा राहिलेला माणूस फिरवतो तसा. "आज उद्याचं काही न्हाई. पण कवातरी येईन. नीला काडीसारखी झाली होती. मी अंगानं जाड आहे. माझ्या वेळेला अजून थोडी मोठी करावी लागंल."

मिथुननं मान डोलावली, आणि दोघांसाठी चहा सांगायला उठला.